बायकांचं बायका पाहून घेतील

फेब्रुवारीच्या सदरात शेवटी थोडी जागा उरली म्हणून मी चार ओळी टाकल्या होत्या. ६ फेब्रुवारी हा मुलींच्या खतन्याविरुद्धचा जागतिक दिवस असतो, आणि हा प्रकार फक्त आफ्रिकेत होतो असं समजू नका, आपल्या नागपुरातही होतो, एवढंच त्यात होतं. एरवी या सदराला पाळी, पांढरं पाणी, 'बाळ अंगावर ओढत नाही' अशी पत्रं येतात. त्या चार ओळींवर अकरा आली. त्यांतली सहा घेते. नाव कुणीच लिहिलेलं नाही, आणि ओळख पटेल अशा खुणा मी पुसल्या आहेत.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या बाहेरच्या जननेंद्रियाचा काही भाग कापणं म्हणजे हा खतना. युनिसेफच्या २०२४ च्या हिशेबाने आज जगात २३ कोटींहून जास्त मुली-बायकांचं हे झालेलं आहे. त्यांतल्या सुमारे ८ कोटी आशियातल्या आहेत. भारतात तो मुख्यतः बोहरा या मुस्लिम समाजात चालतो, त्याला खफ्जही म्हणतात, आणि मुलगी सातेक वर्षांची झाली की करतात. क्लिटोरिसवरची कातडी कापतात, कधी तिच्यासोबत क्लिटोरिसचा तुकडाही जातो. (मराठी पुस्तकांत 'शिश्निका' असा शब्द आहे. मला तो आवडत नाही. बाईचा अवयव म्हणजे पुरुषाच्या अवयवाची धाकटी आवृत्ती, असा त्याला वास येतो. मी क्लिटोरिसच लिहीन.)

प्रश्न : मॅडम, मी इतवारीत राहते. आम्ही दाऊदी बोहरा. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं म्हणून मराठीत लिहिते, चुकभूल सांभाळून घ्या. माझी मुलगी दिवाळीत सात पूर्ण करेल. सासूबाई उन्हाळ्यापासून म्हणून राहिल्या की सुट्टीत तिचं करून घेऊ. माझं झालं तेव्हा नानीमा म्हणाली होती, चल, तुला संत्रा बर्फी घेऊन देते. बर्फी मिळाली, पण नंतर. मला मुलीचं करायचं नाही. मिस्टरांना सांगायला गेले तर म्हणाले, बायकांचं बायका पाहून घेतील, मला काहून विचारते? गल्लीत सगळ्यांनाच हवंय. मी एकटी काय करणार? मी नाही म्हटलं तर त्या मला न सांगता घेऊन जातील, ही भीती आहे.

मराठी चांगलं आहे तुमचं. बर्फीचं ते एक वाक्य मी चार वेळा वाचलं.

आधी भीतीचं पाहू, कारण ते आजचं काम आहे. लेकीला सांगा. सात वर्षांच्या मुलीला कळतं. शाळेत 'गुड टच, बॅड टच' शिकवतात खरं, पण त्या चित्रांतला वाईट माणूस नेहमी कुणी अनोळखी काका असतो. तुम्हाला तिला हे सांगावं लागेल की चड्डीच्या आतल्या जागेला दादीनेसुद्धा हात लावायचा नाही, मासीनेसुद्धा नाही, आणि कुणी काही घेऊन देतो म्हणून बाहेर नेऊ लागलं तर मम्मीला फोन लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दादीबद्दल असं बोलताना तुमची जीभ जड होईल. होऊ द्या.

दुसरं काम नवऱ्याचं. 'बायकांचं बायका पाहून घेतील' हे वाक्य मी बाळंतिणीच्या खोलीबाहेर चाळीस वर्षं ऐकलं आहे. सगळ्या जातींच्या, सगळ्या धर्मांच्या तोंडून. फार सोयीचं वाक्य आहे बाप्पा. माहीतच नाही, म्हणजे अंगावर काही यायचा प्रश्न नाही. आणि बोहरा पुरुषांपैकी अनेकांना खतना म्हणजे नेमकं काय हे खरोखरच ठाऊक नसतं. त्यांना ठाऊक करून द्या. आडपडदा ठेवू नका. कागदावर काढून दाखवा काय कापतात ते. त्या दिवशी तुम्ही लघवीला बसलात तेव्हा काय झालं ते सांगा. बर्फीचं सांगा. मग विचारा की मुलगी फक्त माझी आहे का? त्यांनी आईला एकदा 'अम्मा, माझ्या मुलीचं नाही करायचं' म्हटलं, की तुमच्या शंभर वाक्यांचं काम होतं. हे न्यायाचं नाही, पण घराघरांत असंच आहे.

आता तुमचं मधलं वाक्य. गल्लीत सगळ्यांनाच हवंय, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुम्ही जमातीच्या जेवणाला एका थाळाभोवती आठजणी बसता. त्या सातजणींपैकी कितींशी तुम्ही या विषयावर बोललात? माझा अंदाज आहे, एकीशीही नाही. आणि त्यांच्यातली एखादी तुमच्याकडे पाहून मनात म्हणत असेल की हिला तर हवंच असेल.

हा अंदाज मी हवेतून काढत नाही. 'साहियो' म्हणून बहुतांशी बोहरा बायकांनीच काढलेली संस्था आहे. तिने ३८५ बोहरा बायकांना विचारलं, ती पाहणी २०१७ साली छापून आली. त्यांतल्या ८० टक्के जणींचं लहानपणी झालं होतं, आणि साधारण तितक्याच जणी म्हणाल्या की हे पुढे चालू नये. ही पाहणी इंटरनेटवरची, म्हणजे ज्या आधीच विचार करत होत्या त्यांनीच उत्तरं दिली असणार, हे मला मान्य. आता दुसरी बाजू. २०१८ साली आलेल्या एका अभ्यासात ९४ जणांच्या मुलाखती होत्या, त्यांत काही पुरुषही होते. त्यांच्या सात वर्षांवरच्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींचं झालेलं होतं. माणसं वेगळी, पाहण्या लहान, त्यांची बेरीज-वजाबाकी करता येत नाही. पण दवाखान्यात मला जे दिसलं त्याच्याशी जुळतं. मनातून नको असतं आणि बाई करून मोकळी होते, कारण दुसरीला हवंय असं तिला वाटतं.

मनापासून हवं असणाऱ्या बायकाही आहेत, हे लपवणार नाही. २०१७ पासून त्यांची स्वतःची संघटना आहे, सुप्रीम कोर्टात त्यांनी खफ्जच्या बाजूने म्हणणं मांडलं आहे, आणि त्या अडाणी नाहीत. तुमच्या सासूबाई त्यांतल्या असतील तर त्यांच्याशी धर्मावर वाद घालू नका, हराल. कुराणात याचा उल्लेख नाही हे खरं आहे, पण ते मी सांगून काय उपयोग? त्यांना दुसरी गोष्ट सांगा. ऑस्ट्रेलियात एका खटल्यात २०१५ साली तिघांना दोषी ठरवल्यावर, २०१६ मध्ये सिडनी, लंडन अशा ठिकाणच्या जमातींनीच पत्रकं काढली की इथे कायद्याने मनाई आहे, मुलींचं करू नका. तिथल्या मुली बोहराच राहिल्या ना? मग इतवारीतली का नाही राहणार?

एक खोटंही असतं, ते तुम्हाला कधीतरी सुचेल म्हणून मीच काढते. 'मुंबईला माहेरी गेलो होतो, तिथे करून आणलं.' माझ्या माहितीतल्या दोघींनी हे सांगून मुलगी वाचवली. मुलगी वाचत असेल तर खोटं बोला, मी तुम्हाला पाप लावणार नाही. फक्त त्याची किंमत ओळखून असा. तुमची मुलगी वाचते आणि शेजारणीच्या हिशेबात 'केलेल्या' आणखी एकाने वाढतात. म्हणून खोटं बोललात तर निदान एका बाईला खरं सांगा. जिची मुलगी पाच वर्षांची आहे अशा एकीला.

सेनेगलमध्ये मालिकुंडा बंबारा नावाचं गाव आहे. १९९७ साली तिथल्या बायकांनी उघडपणे जाहीर केलं की आम्ही मुलींना कापणार नाही. त्या 'तोस्तान' नावाच्या संस्थेच्या वर्गात जायच्या, आरोग्याचं आणि हक्कांचं शिकायच्या, आणि तिथे पहिल्यांदा हा विषय एकमेकींशी बोलल्या. पुढे अनेक गावांनी तसंच केलं. एकटीने सोडलं तर ती वाईट आई ठरते, पन्नासजणींनी एका दिवशी सोडलं तर वाईट ठरवायला कोण उरतं? तुम्हाला पन्नास नकोत. थाळाभोवतीच्या दोन शोधा.

प्रश्न : माझं वय ७१. दोन्ही मुलींचं मीच करवून घेतलं. माझ्या आईने माझं केलं, मी त्यांचं केलं, एवढंच डोक्यात होतं. धाकटीने तिच्या मुलीचं केलं नाही आणि मला कळू दिलं नाही. नात कॉलेजात गेली तेव्हा तिनेच हसत हसत सांगितलं. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. उलट खांद्यावरून गोणी उतरल्यासारखं झालं. मी वाईट आई होते का? की आता वाईट बोहरा झाले?

आजी म्हणू का तुम्हाला? तुम्ही माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठ्या आहात, पण या पत्रानंतर ताई म्हणवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. पहिल्यावर बोलते, आणि माझी एक गोष्ट सांगते, जी मी छापील कुठे सांगितलेली नाही.

१९८० च्या दशकातली रात्रपाळी. मी रेसिडेंट होते, मे महिना, कूलरच्या टट्ट्या सुकलेल्या आणि पाणी घालायला माणूस नाही. रात्री दोनला एका बाईने सात वर्षांची मुलगी आणली. सकाळपासून लघवी केलेली नाही, पोट टरारलेलं, मांडीत रक्ताने कडक झालेलं फडकं. आई म्हणाली, शिडीवरून पडली. मी पाहिलं. शिडीवरून पडून इतकी सरळ, इतकी नेमकी जखम होत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. आमच्या पुस्तकात खतन्यावर एक परिच्छेद होता आणि त्यात आफ्रिका होती. माझ्या डोक्यात आफ्रिका आणि ही मुलगी जुळेना, किंवा मी जुळू दिलं नाही. नळी घालून लघवी काढली, एक टाका घातला, रक्त थांबलं. मुलगी ओरडली नाही, छताकडे पाहत होती. सकाळी राउंडला सरांनी विचारलं, काय गं ही? मी म्हटलं, पडली सर. केसपेपरवर तेच लिहिलेलं होतं, खाली माझी सही.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टाला कळवलं की भारतात हा प्रकार होतो असं दाखवणारी अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास नाही. पेपरात ती बातमी वाचताना माझा चहा गार झाला. आकडेवारी कुठून असणार? माझ्यासारख्यांनी 'पडली' लिहून ठेवली आहे.

तर आजी, वाईट कोण याचा हिशेब मांडायला बसलो तर रांग मोठी आहे आणि त्या रांगेत मी तुमच्या पुढे उभी आहे. तुम्हाला निदान ते योग्य वाटत होतं. मला तर संशय आला होता.

आता एक मागणं. धाकटीने तुमच्यापासून लपवलं कारण तिला वाटलं, अम्मा रागावेल. तिला जाऊन सांगा की नाही रागावले. मोठीशीही बोला, ते जास्त अवघड जाईल. आणि या सदरातलं पहिलं पत्र पुन्हा वाचा. ते लिहिणारी कोण हे मी तुम्हाला सांगू शकत नाही, तुम्ही कोण हे तिला सांगू शकत नाही. पण तुमच्या वयाची बाई थाळाला बसून नुसतं म्हणाली, 'माझ्या नातीचं नाही झालं आणि मला बरं वाटलं,' तर त्या घासाला आजूबाजूच्या सातजणींचे हात थांबतील. सुनांनी बोलून जे होत नाही ते आज्यांनी बोलून होतं, कारण मुलीला हाताला धरून नेतं कोण? आजीच ना.

प्रश्न : मी जनरल प्रॅक्टिशनर, कामठी रोडला दवाखाना आहे. ओळखीच्या कुटुंबाने विचारलं की घरी ब्लेडने करण्यापेक्षा तुम्ही भूल देऊन, निर्जंतुक हत्याराने करून द्या, 'फक्त वरची कातडी'. मी नाही म्हटलं. पण नंतर वाटलं, ते घरी करणारच असतील तर माझ्या हातून झालेलं बरं नव्हतं का? आणि मुलांची सुंता आपण करतोच की.

नाही म्हटलंत, उत्तम केलंत. आता कारणं पक्की करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी डगमगणार नाही.

डॉक्टरसाहेब, सात वर्षांच्या मुलीची ती जागा शेवटची नीट कधी पाहिलीत? क्लिटोरिसचं टोक तुरीच्या डाळीएवढं, आणि वरची कातडी त्याला पुष्कळदा चिकटलेली. 'फक्त कातडी' कापायला ती आधी सोडवावी लागते. निष्णात सर्जनने भिंगाखाली केलं तरी टोकाला इजा होणार नाही अशी खात्री देता येत नाही, मग तुम्ही-आम्ही कोण? २०२२ साली अमेरिकेत सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी झाली, तेव्हा त्या टोकाला जाणारे १० हजारांहून जास्त मज्जातंतू निघाले. त्याआधी वर्षानुवर्षं आठ हजार असा आकडा छापत होते आणि तो म्हणे जनावरांवरच्या अभ्यासातून उचललेला होता. बाईचं मोजायला २०२२ उजाडलं, यावर मी वेगळं काय बोलू?

धोके तुम्हाला माहीत आहेत, तरी वाचकांसाठी. लगेचचे म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, धनुर्वात, आणि दुखतं म्हणून मुलीने लघवी दाबून धरणं. पुढचे म्हणजे व्रण, गाठ, व्रणात अडकलेल्या मज्जातंतूची टोचणी, संबंधाच्या वेळी दुखणं, आणि मनात राहिलेली धास्ती. बाळंतपणाबद्दल मात्र खरं तेच सांगते, कारण अर्धवट सांगितलं की समोरचा तेवढंच धरून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा २००६ चा मोठा अभ्यास सहा आफ्रिकी देशांतल्या २८ हजारांवर बाळंतिणींचा होता. त्यात सिझेरियन आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव स्पष्टपणे वाढलेला दिसला तो जास्त भाग कापलेल्या किंवा शिवून टाकलेल्या बायकांत. बोहरा समाजात होतो त्या पहिल्या, म्हणजे कमी भाग कापण्याच्या, प्रकारात फरक जवळजवळ नव्हता. म्हणून 'बाळंतपणात मरशील' अशी भीती घालून कुणाला थांबवू नका. तिच्या आईची चार बाळंतपणं सुखरूप झालेली असतात, ती तुमच्यावर पुढे विश्वासच ठेवणार नाही. दुखलं होतं, एवढं खरं कारण पुरेसं आहे. २०१८ च्या त्या अभ्यासात ज्यांना प्रसंग आठवत होता त्यांच्यातल्या ९७ टक्के जणींनी तो वेदनेचाच सांगितला.

सुंतेचं म्हणाल तर तिच्यावर वेगळा वाद जरूर होऊ शकतो. पण मुलाची सुंता त्याची इच्छा ताब्यात राहावी म्हणून करतो असं कुणी म्हणाल्याचं तुम्ही ऐकलंय? मुलीच्या बाबतीत हे कारण आजही आज्या तोंडाने सांगतात. त्या तुकड्याला 'हराम नी बोटी' म्हणतात. बोटी कापली की पोर वाकडं पाऊल टाकणार नाही, असा हिशेब.

आणि स्वच्छ हत्यार. इजिप्तमध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर डॉक्टरांच्याच हातात गेलं. २०१३ साली १३ वर्षांची एक मुलगी डॉक्टरनेच हे केल्यावर दगावली, २०१५ साली त्या डॉक्टरला शिक्षा झाली. आपण कापून दिलं की ब्लेड जातं आणि त्याच्या जागी पावती येते. आज्यांना जे थोडं तरी खुपत होतं ते 'डॉक्टरांनी केलं' म्हटल्यावर खुपेनासं होतं. म्हणूनच आरोग्य संघटना सांगते की कुठल्याही परिस्थितीत डॉक्टर-नर्सने हे करायचं नाही. त्या कुटुंबाला पुन्हा बोलवा. मुलीच्या आईला एकटीला बसवून विचारा की तुला हवंय का. आणि कधी कुणी रक्ताळलेली मुलगी आणलीच, तर केसपेपरवर जे दिसतं ते लिहा.

प्रश्न : आपला लेख वाचून धक्का बसला. आपल्यात असले रानटी प्रकार नाहीत. 'त्यांच्यात' हे चालतं आणि सरकार मतांसाठी गप्प बसतं. सरळ बंदी घालून सगळ्यांना आत का टाकत नाहीत? (रामदासपेठेतील एक ज्येष्ठ वाचक)

कायद्याचं आधी. स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. २०१७ साली सुप्रीम कोर्टात याचिका झाली. २०१८ च्या सुनावणीत सरकारी वकिलांनीच सांगितलं की तेव्हाच्या दंडविधानात आणि मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात हा गुन्हा बसतो. न्यायमूर्तींनीही विचारलं की बाईच्या शरीरावर दुसऱ्याची सत्ता कशासाठी. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांकडे गेलं आणि २०१९ मध्ये शबरीमलासोबत त्याहून मोठ्या पीठाच्या गाडीला जोडलं गेलं. कायदा हवा, माझंही तेच मत आहे. पण आत टाकाल कुणाला, याचा विचार केलात? त्या ७१ वर्षांच्या आजींना?

आणि 'आपल्यात'. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. त्यानंतर १८९१ चा संमतीवयाचा कायदा आला. तो वय किती करत होता? दहाचं बारा. त्यालाही सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांत आपले लोकमान्य होते. फार जुनं वाटत असेल तर २०१९ चं घ्या. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा ८२ हजार बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. काढणारे डॉक्टर आपल्यातलेच होते. माझ्याच पेशातले.

नळ, कुलपं, बिजागऱ्या आपण इतवारीतूनच आणत असाल. पुढच्या खेपेला दुकानदाराशी यावर बोलायला मात्र जाऊ नका. त्याच्या घरातली कुणी बाई आधीच बोलू लागली असेल, आपल्या आवाजाने ती गप्प होईल.

प्रश्न : लग्नाला दीड वर्ष झालं. संबंधाच्या वेळी जळजळतं, मग मी अंग आखडून घेते. लहानपणी खतना झाला होता. मी कायमची बिघडले आहे का?

नाही, बेटा. क्लिटोरिसचा जो भाग बाहेर दिसतो तो नुसतं टोक आहे. तिचा मोठा भाग आत, हाडाच्या आडोशाला, दोन पायांसारखा पसरलेला असतो आणि तिथे कुणाचं ब्लेड पोचत नाही. २०१८ च्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश जणींनी लैंगिक आयुष्यावर वाईट परिणाम झाल्याचं सांगितलं, तेव्हा तुझा त्रास काल्पनिक नाही. पण जळजळ व्रणामुळे असेल, साध्या जंतुसंसर्गामुळे असेल, कोरडेपणामुळे असेल, किंवा दुखणार या भीतीने स्नायू आवळले जात असतील. ही शेवटची तीन कारणं खतना न झालेल्या मुलींतही मी रोज पाहत आले. सगळ्यांवर उपाय आहेत, पण तपासल्याशिवाय कळणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि आधीच सांग की खतना झालेला आहे. ती डोळे विस्फारून 'अगंबाई' म्हणाली किंवा भाषण देऊ लागली, तर फी देऊन उठ आणि दुसरीकडे जा. तोवर दुखत असताना सहन करत राहू नकोस. नवऱ्याला सांग, थांबू. दीड वर्ष झालेला नवरा थांबतो. नाही थांबला तर मला पुन्हा लिही, ते वेगळं पत्र होईल.

प्रश्न : मला काहीच आठवत नाही. माझं झालं असेल का? कसं कळेल?

वहीच्या फाडलेल्या कागदावर एवढंच लिहिलेलं आहे.

आरसा घेऊन पाहा. स्वतःचं शरीर पाहायला कारण लागत नाही. पण त्यावरून निकाल लावू नका, कारण प्रत्येकीची ठेवण निराळी असते, आणि लहानपणी थोडीच कातडी गेली असेल तर मोठेपणी अनुभवी डॉक्टरलाही पुष्कळदा सांगता येत नाही. मलाही दोनदा आलेलं नाही.

विचारायचं तर आईला. समोरासमोर बसून नको. भाजी निवडताना, रिद्याला (बोहरा बायकांच्या रंगीत बुरख्याला) लेस लावताना विचारा. हात कामात असले की तोंड उघडतं. ती लगेच सांगणार नाही. 'सगळ्यांचंच होतं' असं काहीतरी म्हणेल आणि उठून गॅसकडे जाईल. जाऊ द्या. परत येऊन बसली की विचारा, तुला कोण घेऊन गेलं होतं?